बिनरमचा ग्लास

तीन वर्षांनी त्या घरात दारूची बाटली आली, तीही पोराच्या सुटकेसमधून, टॉवेलात गुंडाळून. चारुदत्तनं ती ओट्यावर ठेवली तेव्हा शुभदा मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात तिनं उभी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती. पोरांच्या हातून काही सांडलं, पेटलं, की आधी आपले हात स्थिर ठेवायचे आणि मग तोंड उघडायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"हे काय रे?"

"रम," चारुदत्त म्हणाला. "आणि ही चिकमगळूरची कॉफी. घाबरू नको आई, कॉकटेल करणार आहे. पुण्यात शनिवारी मी नि भैरवी करतो. एकेक ग्लास, थोड्या गप्पा, मग झोप. लोक असंही पितात."

"या घरात नाही पीत."

"बाबांना विचारलंय फोनवर. म्हणाले, आण बिनधास्त. माझ्यासमोर बनव."

चारुदत्तच्या लग्नात, नागपूरच्या हॉलमध्ये, मधुसूदनराव भरल्या पंगतीत व्याह्यांच्या अंगावर ओकले होते. त्यानंतर पोरगा घरी आला नव्हता. फोन यायचा तो आईला, आणि त्यात बाबांचं नाव नसायचं. मग मधुसूदनरावांनी पिणं सोडलं. महिने गेले, वर्ष गेलं, तसा पोरगा फोनवर हळूहळू 'बाबांना दे' म्हणू लागला. आता डिसेंबरात तो आपणहून आला होता, आणि पुढच्या खेपेला बायकोला, भैरवीला, आणणार होता. "बाबांनी करून दाखवलं, आई," असं तो मागे एकदा म्हणाला होता. शुभदानं नुसतं "हो" म्हटलं होतं.

"कॉफी जाडसर कुटायची," असं म्हणत चारुदत्तनं फळीवर हात घातला आणि मागे सरकवून ठेवलेला चिनी मातीचा छोटा खल ओढला.

"तो नको!" आवाज चढला तसा तिनं तो खाली आणला. "त्यात औषधं कुटते मी. लोखंडी घे."

"धुऊन घेतो ना."

"वास जात नाही त्याचा. लोखंडी घे म्हटलं ना."

चारुदत्तनं खांदे उडवले आणि लोखंडी खलबत्ता घेतला.

चिनी मातीच्या त्या खलात तीन वर्षं रोज सकाळी एक पांढरी गोळी कुटली जात होती. डायसल्फिरम. ती पाण्यात विरघळत नाही, चहात टाकली तर तळाशी बसते. म्हणून शुभदानं च्यवनप्राश निवडला होता. काळा, चिकट, उग्र. त्यात काहीही लपतं. शरीर दारू दोन टप्प्यांत मोडतं. ही गोळी दुसऱ्या टप्प्याचं दार लावून घेते आणि मधलं विष अंगात साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली येतो. कधीकधी फार खाली येतो. माणूस प्यायला नाही तर गोळी गुमान पडून असते, त्याला कळतही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देताना बजावलं होतं, पेशंटला सांगितल्याशिवाय आणि त्यानं कबूल केल्याशिवाय ही द्यायची नाही. शुभदानं मान हलवली होती. घरी येऊन तिनं च्यवनप्राशची बरणी उघडली होती.

पहिल्यांदा मधुसूदनरावांना त्रास झाला तो पांढरकवड्याला, एका मित्राकडे. दुसऱ्यांदा घरीच. तिसऱ्यांदा पेग ओतून ते त्याच्याकडे बघत बसले आणि त्यांनी तो मोरीत ओतला. "शुभा, माझं शरीर नाही म्हणून राह्यलं," ते म्हणाले होते. "शरीर सांगते तर ऐकलं पाहिजे ना?" दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन कळंबला गेले आणि चिंतामणीसमोर पाणी सोडून त्यांनी शपथ घेतली. शुभदा शेजारी हात जोडून उभी होती. परत येताना गाडीत ते लहान पोरासारखे रडले आणि तिनं त्यांना आपला रुमाल दिला.

तेव्हाच सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की तिच्यानं बोलवलं नाही. पुढं ते बोलणं दर महिन्याला थोडं थोडं अवघड होत गेलं. मधुसूदनराव आता कॉलनीत सकाळी फिरताना ताठ चालायचे. 'इच्छाशक्ती' हा त्यांचा आवडता शब्द झाला होता. पाटबंधारे खात्यात त्यांच्या जीपवर असलेला देवसिंग, आता तांड्यावर शेती करतो, त्यानं आपल्या पिणाऱ्या पोराला, राजकुमारला, त्यांच्यापुढं आणून बसवलं होतं. "साहेब, तुमीच सांगा याले. माह्या बोलण्यानं काई होत नाही." मधुसूदनराव त्या पोराशी दोन तास बोलले होते. राजकुमारनं पिणं सोडलं, त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. दिवाळीला देवसिंग साहेबांच्या पायाला हात लावून गेला होता.

घर उभं होतं ते त्या गोळीवर. ती एकटीच ते जाणून होती.

चारुदत्तनं कॉफीचे दाणे कुटले, काचेच्या बरणीत टाकले, वर रम ओतली. गूळ किसून घातला. दालचिनीचा तुकडा, आणि घरातल्याच संत्र्याची साल, पांढरा पापुद्रा न येऊ देता अलगद काढलेली. "पांढरं आलं की कडवट होते," तो म्हणाला. "रात्रभर मुरू द्यायचं. उद्या गाळायचं, ताज्या कॉफीत मिसळायचं, बर्फ टाकून शेकरमध्ये हलवायचं. वर असा फेस येतो, बोटभर."

"कशानं गाळतोस?"

"मलमलीच्या फडक्यानं."

"फिल्टर पेपर आहे घरात. गढूळ राहणार नाही."

"बघ! तू पण आलीस ना माझ्या टीममध्ये!" चारुदत्त हसला. शुभदालाही हसावं लागलं.

तेवढ्यात मधुसूदनराव फिरून आले. चपला काढता काढताच त्यांनी हवा हुंगली, ओट्याजवळ आले, बरणी उजेडापुढं धरून बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर लोभ नव्हता. परीक्षा पास झालेला माणूस जुना पेपर हातात घेऊन बघतो तसं ते बघत होते.

"मस्त रंग आला बे. उद्या मलेही एक."

"बाबा? नक्की?"

"काहून? भेतो का मी?" त्यांनी बरणी खाली ठेवली. "सोडणं म्हणजे भिऊन दूर पळणं नाही, चारू. समोर असावी, एक घ्यावी, ग्लास उलटा ठेवावा अन् उठावं. त्याले म्हणतात सोडणं. ते एकदा मले माझंच पाहायचं आहे. तुझ्यासमोर."

"अहो, नको," शुभदा म्हणाली. "बीपीची गोळी चालू आहे. आणि शपथ?"

"शपथ दारूची होती. ही कॉफी आहे." ते पोराकडे बघून डोळा मिचकावत म्हणाले. मग तिच्याकडे वळले, आणि आवाज बदलला. "तुझा विश्वास नाही का माझ्यावर? तीन वर्षांनंतरही?"

चारुदत्त तिच्याकडे बघत होता.

"आहे," शुभदा म्हणाली.

त्या रात्री तिनं एकेक वाट तपासून पाहिली, वहीत मांडणी करावी तशी. उद्या गोळी दिली नाही तर? उपयोग नव्हता, आधीची अंगात भिनलेली होती, एका दिवसात उतरणारी नव्हती. बरणी हातातून पडली तर? गावात दुकानं काय कमी होती, पोरगा संध्याकाळपर्यंत दुसरी आणेल. चारुला एकट्याला सांगावं? मग त्याच्या डोळ्यांत बाप पुन्हा तोच होईल, बायकोनं च्यवनप्राशात औषध घालून सांभाळलेला. आणि त्यांना सांगावं? तिनं कुशीवर वळून बघितलं. ते तोंड उघडं टाकून निवांत झोपले होते. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी स्वतः कमावलेली अशी एकच गोष्ट होती, आणि तीही त्यांनी कमावलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाप पोराला घेऊन कळंबला गेला, शपथ घेतली ती जागा दाखवायला. दोघं फाटकाबाहेर पडले तशी शुभदानं कढई चढवली.

गूळ आधी वितळवला, मग करपवला, कडा काळ्या होऊन धुराला कडू वास येईपर्यंत. त्यात कॉफीचा घट्ट अर्क ओतला. दालचिनी, दोन लवंगा, संत्र्याची साल. लवंगेनं जीभ किंचित बधिर होते, दारूनं होते तशीच. व्हॅनिलाची बाटली तिनं हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि परत ठेवली. तो अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. राहिला प्रश्न घशाचा. तिथं जे पेटतं ती चव नसते, ती वेदना असते, आणि वेदना मिऱ्यानंही होते. तिनं मिरी भरड कुटून गरम पाण्यात उकळली, सुंठ घातली, फिल्टर पेपरनं दोनदा गाळली आणि थेंबाथेंबानं मिसळत गेली. प्रत्येक वेळी चमचाभर तोंडात घेऊन डोळे मिटायची. रम तिनं कधी प्यायली नव्हती. पण त्या वासाच्या तोंडाशेजारी ती तीस वर्षं झोपली होती, आणि तेवढा अभ्यास पुरेसा होता.

संध्याकाळी चारुदत्तनं जिममध्ये नेतो तो शेकर काढला आणि पुण्याहून कागदात गुंडाळून आणलेले उंच दांड्याचे ग्लास धुतले.

"तू बाबांजवळ बस," शुभदा म्हणाली. "एवढ्या वर्षांनी बसतोय तर गप्पा मार. हलवायचंच आहे ना? मी हलवते. चंबू हलवण्यात गेलाय जन्म."

"वर तीन दाणे ठेवायचे हं कॉफीचे."

"ठेवते."

तिनं आधी आपलं मिश्रण हलवलं. बर्फ खडखडला, कॉफीचा फेस चढला. मग शेकर धुऊन पोराचं हलवलं. रमच्या ग्लासाच्या काठाला संत्र्याची साल लावली, बिनरमच्या नाही. ट्रे उचलण्यापूर्वी दोन्ही ग्लास पुन्हा एकदा हुंगले.

मधुसूदनरावांनी ग्लास नाकाशी नेला. शुभदाला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचा पिणारा माणूस, त्याला काय कळणार नाही! त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. घसा खाकरला.

"अरे वा! जळते बे!"

"स्ट्राँग झाली का बाबा?"

"फर्स्ट क्लास. फेसामुळे कळत नाही, पण मागून येते ना, बरोबर येते." ते मागे रेलले. "तुझ्या आईनं हात सैल सोडला वाटते."

अर्ध्या ग्लासात त्यांचे कान लाल झाले. मिऱ्यानं, शुभदानं मनात नोंदवलं. मग आवाज मोकळा झाला. बेंबळ्याच्या कालव्यावर रात्री पाणी फुटलं होतं ती गोष्ट त्यांनी सांगितली, हातवारे करून, मध्येच उठून उभं राहून. चारुदत्त पोट धरून हसला. शेवटी ते थांबले, ग्लासाकडे बघत म्हणाले, "तुझ्या लग्नात मी जे केलं रे, चारू..." आणि रडू आल्यानं पुढं त्यांना बोलता येईना. जीभ जड झाली होती. खरोखर जड झाली होती. चारुदत्त उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. "जाऊ द्या बाबा," म्हणाला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शुभदा दारात उभी राहून बघत होती. मिरी, सुंठ, करपलेला गूळ. तिचा नवरा त्यावर झिंगला होता, आणि त्या झिंगेत त्यानं जन्मात पहिल्यांदा पोराची माफी मागितली होती.

ग्लास त्यांनी खरंच उलटा ठेवला. दुसरा मागितला नाही. झोपायला जाताना स्वयंपाकघरात आले, छातीवर पंजा ठेवला.

"पाहिलं? काही नाही झालं. ना धडधड, ना उलटी. शरीर माफ करते, शुभा."

ती भांडी विसळत होती. नळ चालू होता. आयुष्यभर ती वर्गात सांगत आली होती, प्रयोगावरून निष्कर्ष काढताना आपण नेमकं काय तपासलं ते आधी बघा. आज तिनं एका माणसाच्या हातात नेटका प्रयोग दिला होता, आणि त्यानं त्यातून अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता. तीन वर्षं त्याला दारूपासून लांब ठेवलं ते भीतीनं. ती भीती तिनं आज स्वतःच्या हातानं, तीन दाणे वर ठेवून, काढून घेतली होती.

"एका ग्लासानं काय ठरतं," ती म्हणाली. "पुन्हा नका हं असं करू."

"अरे, पुन्हा कोण करते!"

सकाळी उठल्या उठल्या ती चारुदत्तच्या मागे लागली. "ती बाटली न् बरणीतलं उरलेलं, सगळं घेऊन जा."

"हो गं, नेतो," तो म्हणाला. दुपारी नागपूरची टॅक्सी आली, तो आईच्या पाया पडला, बापाला मिठी मारली आणि गेला. बाटली त्याच्या सुटकेसमध्ये गेली होती, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. बरणीतली मुरलेली रम मात्र त्यानं पाण्याच्या बाटलीत भरून, फ्रीजमध्ये भाज्यांच्या कप्प्यामागे ठेवली होती. ते बापानं त्याला कानात सांगितलं होतं. "तुझ्या आईले नको सांगू. उगाच काळजी करत बसते."

चार वाजायच्या सुमारास देवसिंग आला. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन, मोटारसायकलवर. शुभदानं त्याला पाणी दिलं, राजकुमारची विचारपूस केली. "बरा हाय जी. साहेबाचा फोटो मोबाईलवर लावून ठेवला त्यानं, बायकोच्या जागी," देवसिंग म्हणाला, आणि मधुसूदनराव गडगडून हसले. मग ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

खालून ऐकू येत होतं.

"देवसिंग, तुले एक गंमत दाखवतो. चारूनं बनवली. कॉफी आहे, पण निरी कॉफी नाही."

"काय हाय साहेब?"

"रम."

मग देवसिंगचा आवाज, खालच्या पट्टीत. "साहेब, तुमी तं सोडली होती ना?"

"सोडलीच आहे. काल एक ग्लास घेतला, पोरासमोर. काही झालं का? नाही झालं. हेच तुले दाखवायचं आहे. आधी मी भेत होतो. आता भेत नाही. राजकुमारलेही हेच सांग, भिऊन सोडली तर अर्धीच सुटते."

"मले नको. अन् तुमीही राहू द्या, साहेब. कायले हात लावता?"

"अरे पाहा तं!"

शुभदाच्या हातातली चादर अर्धी दोरीवर, अर्धी खांद्यावर होती. ती तशीच टाकून ती जिन्याकडे धावली. पायऱ्या उतरताना तिनं ओरडून म्हटलं, "अहो, ठेवा तो ग्लास!" पण मधुसूदनराव मोठा घोट घेत होते. बर्फ नाही, फेस नाही, पाणी नाही. रात्रभर दाण्यांवर मुरलेली रम, तशीच. ती खाली पोहोचली तेव्हा स्टीलचा पेला रिकामा होता.

"काय झालं? इतकं काय ओरडतेस?" ते म्हणाले. मग भुवया वर गेल्या. "कालच्यापेक्षा वेगळी लागते बे ही."

"बोटं घाला घशात. आत्ताच्या आत्ता ओका!"

"काहून?"

ती सांगेपर्यंत सुरू झालं. आधी मानेवर लाल चट्टे उमटले, मग ते कानापर्यंत चढले. त्यांनी शर्टाची बटणं ओढली. "छाती... छाती पहा माझी, कशी करून राह्यली..." ते उठले, दोन पावलं चालले आणि भिंत धरून खाली बसले. ओकारी आली ती देवसिंगच्या पायांवर. देवसिंग मागे सरला नाही. त्यानं त्यांचं डोकं धरलं.

"अरे याडी! माय वो! बाईसाहेब, हे काय होऊन राह्यलं?"

शुभदानं नाडी धरली. धावत होती आणि हाताला लागत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. शेजारच्या नागोरावांची गाडी निघाली; देवसिंगनं साहेबांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, पाय आपल्या मांडीवर घेतले. "पाय वर ठेव," शुभदा सांगत होती. "आणखी वर."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं सलाईन लावलं, मशीनकडे बघितलं, पुन्हा रक्तदाब मोजला. "किती प्यायले?"

"एक पेला," देवसिंग म्हणाला.

"एका पेल्यानं असं होत नाही. कुठली औषधं चालू आहेत?"

मधुसूदनराव डोळे मिटून पडले होते. पण शुद्ध होती, पापण्या हलत होत्या. देवसिंग पायथ्याशी उभा होता. शुभदाला डॉक्टरला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मशीनवरचे आकडे उतरत होते, आणि बाजूला म्हणजे पडद्यापलीकडेच, दोन हात लांब.

"डायसल्फिरम," ती म्हणाली. "रोज सकाळी. तीन वर्षं. शेवटची काल. आज पोराच्या निघण्याच्या गडबडीत द्यायची राहिली."

डॉक्टरनं मान वर केली. "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

डॉक्टरनं वळून नर्सला दोन इंजेक्शनं सांगितली. तासाभरानं आकडा वर आला, तासाभरानं आणखी वर. "वाचले," तो शुभदाला म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पुढच्या पलंगाकडे गेला.

बाहेर बाकावर देवसिंग बसला होता. त्याचे कपडे तसेच होते. शुभदा शेजारी बसली तसा तो थोडा सरकला.

"बाईसाहेब, एक विचारू? ते औषध... म्हणजे साहेबानं सोडलीच नव्हती?"

"पीत नव्हते, देवसिंग."

"पीत नव्हते ते तं मलेही दिसत होतं." तो म्हणाला. "माह्या पोरानं तं बिनाऔषधाची सोडली. रात्ररात्र आंग थरथरे त्याचं. साहेबाले फोन लावे तो तेवा. साहेब म्हणत, 'माझंही असंच झालं होतं, निघून जाते.'" त्यानं तिच्याकडे बघितलं. "आता राजकुमारले काय सांगू मी?"



सकाळी मधुसूदनराव उशीला टेकून बसले होते. चेहरा पिठासारखा. तिनं ग्लासात पाणी ओतून पुढं केलं. त्यांनी ग्लास बघितला, घेतला नाही.

"परवाच्या ग्लासात काय होतं?"

"कॉफी. करपवलेला गूळ. मिरी, सुंठ, लवंग."

"रम?"

"नव्हती."

"थेंबभरही?"

"नाही."

"मी झिंगलो होतो," ते म्हणाले. "मले चढली होती, शुभा. मी पोरासमोर रडलो."

"हो."

"तू पाहून राह्यली होती."

"हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात उशाशी त्यांचा फोन वाजला. चारुदत्त. शुभदानं हात पुढं केला, पण त्यांनीच उचलला. घसा साफ केला. "बोल रे... पोहोचला? ... हो, मस्त. ... नाही नाही, थोडी ॲसिडिटी. ... तुझी ती कॉफी? फर्स्ट क्लास." पलीकडे पोरगा काहीतरी बोलत राहिला, हसत राहिला. "हो, भैरवीलेही आण. ... आपण बाप-लेक बसू पुन्हा. एकच ग्लास. अरे, इच्छाशक्ती असली की..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. "ठेवतो," म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

"त्याले कधी सांगायचं नाही," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तेवढं तरी राहू दे माझ्याजवळ."

"नाही सांगणार."

"तुले जमते ते."

खाली कॅन्टीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती दिवस राहते हे अंगात?"

"दोन आठवडे धरा."

"दोन आठवडे." ते सावकाश म्हणाले. "त्याच्यानंतर कळेल मले, मी सोडली का नाही ते."

शुभदाला पुष्कळ सांगायचं होतं. या दोन आठवड्यांत खोकल्याचं औषध घ्यायचं नाही, दाढीनंतरचं लोशन लावायचं नाही, लोणच्यातलं व्हिनेगरसुद्धा नको. तीन वर्षांपूर्वी त्या डॉक्टरांनी पेशंटला सांगा म्हणून दिलेल्या सगळ्या सूचना. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसू लागली.

"तू नको बसू," मधुसूदनराव म्हणाले. "देवसिंगले पाठव."

ती बाहेर आली. बाक रिकामा होता. फाटकाजवळच्या चहावाल्यानं सांगितलं, तो बंजारा बाबा पहाटेच निघून गेला, चहासुद्धा न घेता.